एकशे पासष्टची रेघ

आमचे साडूभाऊ आयुष्यात कुणाच्याही तोंडाकडे बघून बोललेले नाहीत. ते बघतात टाळूकडे. माणूस दारात आला की त्यांची नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते, तिथून सरळ खाली चपलांपर्यंत उतरते, टाचेचा अर्धा-पाऊण इंच मनातल्या मनात वजा होतो, आणि हिशेब पुरा झाला की मग ते म्हणतात, "या, बसा." माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. सगळे वडीलधारे मला पगार विचारत होते, पत्रिका विचारत होते, दादरची जागा स्वतःची की भाड्याची ते विचारत होते. मोठे जावई म्हणून आलेले साडूभाऊ कोपऱ्यात बसून एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र सासऱ्यांच्या कानाशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुलगा बरा आहे. एकशे साडेबासष्ट." आता साडेबासष्ट म्हणजे पाच फूट चार इंच. आमच्या घराण्यात याला उंच म्हणतात. वडील मला माळ्यावरचे डबे काढायला हाक मारायचे. पण त्या दिवसापासून सासरी मी जो 'बुटके जावई' झालो तो आजतागायत आहे, आणि त्याबद्दल मी साडूभाऊंना अजून पुरती माफी दिलेली नाही. वाचकांनी हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

त्यांच्या बाजूने सांगायचं तर हा दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. वजनमापे खात्यात ते इन्स्पेक्टर होते. सबंध उमेदीचा काळ दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांचे मीटर आणि रॉकेलवाल्यांची मापं तपासण्यात गेला. खोटं माप दिसलं की जप्त. ओळखीचा असो, गाववाला असो, कुणाचा मेव्हणा असो. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी डिलाईल रोडच्या नाक्यावरची भाजीवाली ते लांबून दिसले की अजून तराजूची दांडी सरळ करते. आता जप्ती गेली, पण मोजायची सवय जाते कुठे? ते शेजाऱ्यांनी आणलेल्या फ्रिजची उंची मोजतात, जिन्याच्या पायऱ्या मोजतात, आणि कुणाच्या तेराव्याला गेले तरी, "भला माणूस होता हो, एकशे सत्तर," असं हळहळून येतात. एकदा तर त्यांनी गणपतीलाही सोडलं नाही. त्यांच्या चाळीच्या मंडळाने एका वर्षी कमानीवर 'बावीस फुटी भव्य मूर्ती' असा बोर्ड लावला होता. लालबाग-परळच्या मंडळांत बोर्डावरचे फूट आणि मूर्तीचे फूट यांत थोडा भक्तिभाव मिसळलेला असतो, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. साडूभाऊंनी शिडी मागवली, आपली पोलादी टेप काढली, मुकुटाच्या टोकापासून पाटापर्यंत माप घेतलं, देवाला नमस्कार केला आणि अध्यक्षांना म्हणाले, "एकवीस फूट साडेसात इंच. बोर्ड बदला." अध्यक्ष म्हणाले, "साहेब, साडेचार इंचांनी काय होतंय?" साडूभाऊ म्हणाले, "देवाच्या दारात तरी कमी भरू नका." बोर्ड बदलला. शेजारच्या मंडळाला ते हसायला वर्षभर पुरलं.

असा माणूस लग्न करताना तरी टेप घेऊन गेला असेल असं कुणालाही वाटेल. पण नेमकी तिथेच गफलत झाली. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, पाच फुटांची आहे. तेही ती चिडली की. मुलगी बघायला साडूभाऊ आले तेव्हा ती पाटावर बसून पोह्यांच्या बशा भरत होती. प्रश्न झाले, गाणं झालं, पसंती झाली, आणि ती काही उठली नाही. माझ्या सासूबाईंनी तिला दटावून ठेवलं होतं असं नंतर कळलं. मुहूर्तावर अंतरपाट धरला तेव्हा साडूभाऊ आपल्या उंचीमुळे सहज पलीकडे बघू शकत होते. त्यांनी बघितलं तर पलीकडे मुलीचे मामा उभे. ते दचकले. भटजींना हळूच म्हणाले, "मुलगी कुठे आहे?" भटजी म्हणाले, "आहे, आहे, खाली बघा." हा किस्सा मेव्हणी स्वतः रंगवून सांगते, आणि शेवटी साडूभाऊ गंभीरपणे पुस्ती जोडतात, "नोकरीतसुद्धा मी न तपासता पास केलेलं ते एकच माप." एवढ्या एका वाक्यात त्या माणसाचं बायकोवर किती प्रेम आहे ते कळतं. पण त्यांना ते सांगायला जाऊ नये, ते लगेच विषय बदलतात.

आता बास्केटबॉलकडे येतो, कारण साडूभाऊंचा खरा संसार तिथे आहे. गिरणगावात पोरगं चालायला लागलं की कबड्डी नाहीतर खोखो खेळतं. साडूभाऊही चाळीच्या मागच्या मैदानात कबड्डीच खेळायचे, आणि फार वाईट खेळायचे. पुढे कुणीतरी त्या मैदानाच्या दोन टोकांना खांब रोवले, त्यांना फळ्या आणि रिंगा ठोकल्या आणि उंच मुलं शोधायला चाळीतून फिरला. त्याला पहिले साडूभाऊ सापडले. "मला खेळ येत नव्हता," ते प्रांजळपणे सांगतात, "मला उंची येत होती." त्यांना रिंगेखाली उभं करायचे, चेंडू वर आला की ते हात वर करून घ्यायचे आणि आत टाकायचे. एवढ्यावर ते दहा वर्षं खेळले आणि दोन कप आणले. त्यातून त्यांचा जो सिद्धान्त तयार झाला तो आजपर्यंत हलला नव्हता. "हे बघ," ते मला सांगत, "नेम शिकवता येतो. दम वाढवता येतो. पास द्यायला तर माकडालाही शिकवता येईल. उंची मात्र आईबापांकडून घेऊन यावी लागते. मग टीम निवडताना आधी काय बघायचं? जे बाजारात मिळत नाही ते." रिटायर झाल्यावर मंडळाच्या मुलींची टीम त्यांच्याकडे आली, त्याबरोबर त्यांनी मंडळाच्या ऑफिसच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने सेंटीमीटरची पट्टी रंगवली. एकशे चाळीसपासून वर, खालची कशाला हवी म्हणून. एकशे पासष्टला लाल रंगाची जाड रेघ मारली. मुलगी आली की आधी चपला काढून भिंतीला पाठ लावायची. रेघेच्या वर डोकं गेलं तर टीम, नाही तर "मंडळाची कॅरम टीम फार छान आहे हो."

मी हा वाद त्यांच्याशी किती वेळा घातला असेल त्याला गणती नाही. माझ्या वकिलीत माझा स्वार्थ होता हे मी कबूल करतो. बुटक्या माणसाने बुटक्यांची बाजू घेतली नाही तर घ्यायची कुणी? मी म्हणायचो, "साडूभाऊ, रिंगेखाली उंच मुली पाहिजेत, मान्य. पण पाचच्या पाच कशाला? तिथवर चेंडू आणणार कोण?" ते म्हणायचे, "तो येतो आपोआप." पण तो येत नसे. त्यांच्या टीमची मॅच बघण्यासारखी असायची. पाचही मुली रिंगेखाली हात वर करून उभ्या, आणि चेंडू अर्ध्या कोर्टावर समोरच्या टीमच्या एखाद्या नखाएवढ्या मुलीच्या हातात. कुणीतरी तो आणायला जायचं असतं हे त्यांच्या नियमातच बसत नव्हतं. तरी टीम दरवर्षी दुसऱ्या फेरीपर्यंत जायची आणि साडूभाऊ परत येताना म्हणायचे, "उंची थोडी कमी पडली." मी त्यांना तोंडावर उंटावरचा शहाणा म्हटलेलं आहे. ते रागावले नाहीत. उंट किती सेंटीमीटरचा असतो ते सांगायला लागले.

या सगळ्यात ज्या एका माणसाचं खरोखर नुकसान होत होतं ती म्हणजे त्यांची मुलगी, प्राजू. पोरगी गेली आईवर. एकशे एक्कावन्न. पण चेंडू हातात आला की तो तिच्या हाताला चिकटल्यासारखा चालतो. कॉलेजच्या टीममध्ये ती पहिल्या वर्षापासून होती. पण तिला हवी होती ती मंडळाची जर्सी, बाबांच्या टीमची. सोळाव्या वर्षी ती पहिल्यांदा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साडूभाऊंनी डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, आकडा वाचला आणि म्हणाले, "पुढची." स्वतःच्या मुलीला नियमातून सूट देणाऱ्यांतला हा माणूस नव्हे, उलट मुलगी स्वतःची म्हणून जरा जास्तच ताठ. त्यानंतर दरवर्षी निवडीच्या दिवशी ती उभी राहिली आणि दरवर्षी 'पुढची' झाली. रुसली नाही, भांडली नाही. टीमच्या मुलींना संध्याकाळी ड्रिबल शिकवायची ती, निवडीच्या दिवशी उंचीची वही भरायची ती, आणि मॅचला बाटल्या घेऊन बाकावर बसायची तीच. मी एकदा तिला विचारलं, "कशाला गं जातेस दरवर्षी?" तर म्हणाली, "काका, एकदा तरी बाबांनी माझं नाव लिहायला पाहिजे ना." या वर्षी तिला बंगलोरला नोकरी लागली. आंतरमंडळ स्पर्धा संपली की लगेच जायचं. म्हणजे या वर्षी नाव लागलं तर लागलं, नाहीतर कधीच नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. साडूभाऊंनाही माहीत होतं. ते त्या विषयावर बोलत नसत, पण जेवताना तिच्याकडे बघायचं टाळत, असं मेव्हणी सांगायची.

आता इथे मला तीन वर्षं मागे जावं लागेल. साडूभाऊ तेव्हा गावचं घर शाकारायला महिनाभर कणकवलीला गेले होते. तेवढ्यात मंडळाने ऑफिस नवं करायला काढलं. भिंतींना हात लावायचा नाही अशी साडूभाऊंची ताकीद होती, म्हणून भिंतीला कुणी बोट लावलं नाही. फक्त खाली चकचकीत लाद्या बसवल्या. साडूभाऊ परत आले, लाद्या बघून खूश झाले, आणि पावसाळ्यानंतरच्या मोजणीत त्यांना एक चमत्कार दिसला. सगळ्या मुली वाढल्या होत्या. त्याच्या आधी सहा महिने त्यांनी मुलींना मैदानातल्या लोखंडी दांडीला रोज पाच मिनिटं लटकायला लावलं होतं. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज भरून आला होता. "चार-चार सेंटीमीटर! एकही अपवाद नाही. प्राजूसुद्धा एक्कावन्नची पंचावन्न झाली. याला म्हणतात पद्धत." त्यानंतर रेघेच्या वर जाणाऱ्या मुलीही भराभर मिळायला लागल्या. टीम चांगली खेळायला लागली, पहिल्यांदा तिसऱ्या फेरीत गेली. साडूभाऊ भेटेल त्याला लटकायला सांगत सुटले.

भेटेल त्याच्यात मीही आलो. हसू नका. तीन वर्षं टाळलं, पण यंदा, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी दोन महिने सकाळी शिवाजी पार्कच्या बाजूला एका दांडीला लटकलो. बायकोने मला ओळख दाखवणं बंद केलं होतं. दोन महिन्यांनी साडूभाऊंनी मला मंडळाच्या भिंतीला उभं केलं, फूटपट्टी धरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एकशे साडेसहासष्ट." म्हणजे जवळजवळ पाच फूट साडेपाच. मी घरी येताना पेढे आणले. बायको म्हणाली, "कसले?" मी सांगितलं. तिने पेढा खाल्ला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. पण मला कुणाची पर्वा नव्हती. बँकेत मी कॅबिनमधून उगीचच उभा राहून बोलायला लागलो. त्या आनंदात पंधरा दिवस गेले आणि आमच्या बँकेची वार्षिक आरोग्य तपासणी आली. तिथल्या नर्सबाईंनी मला उभं केलं आणि लिहिलं, एकशे साडेबासष्ट. मी म्हटलं, "पुन्हा बघा." पुन्हा साडेबासष्ट. मी म्हटलं, "तुमचं माप खोटं आहे. माझे साडू वजनमापे खात्यात होते. आणतो त्यांना." बाई म्हणाल्या, "आणा." रांगेतले लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला अजून आठवते.

आणि मी खरंच आणलं. साडूभाऊंना डॉक्टरांच्या दवाखान्यात खोटं माप म्हटल्यावर जुना जोम आला. सरकारी शिक्क्याची आपली पोलादी टेप खिशात घालून ते दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निघाले. नर्सबाईंसमोर त्यांनी त्या मापाचा दांडा तपासला, वरून तपासला, खालून तपासला, आणि चष्मा काढून म्हणाले, "माप बरोबर आहे." मग मला भिंतीला उभं केलं आणि टेप लावली. एकशे साडेबासष्ट. मी म्हटलं, "अहो, पण तुम्हीच तर..." त्यांनी टेप गुंडाळली, खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढून बघितली. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "तुला मी कुठे मोजला होता रे?"

तिथून टॅक्सी करून त्यांनी मला थेट मंडळात नेलं. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, गुडघे टेकून टेपचं टोक लादीवर दाबलं आणि मला दुसरं टोक लाल रेघेवर धरायला लावलं. आकडा मीच वाचला. एकशे एकसष्ट. त्यांना पटेना म्हणून पुन्हा वाचला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले, आणि त्यांच्याकडून सगळा उलगडा झाला. लाद्या बसवणाऱ्याने जुनी फरशी उखडायची मेहनत वाचवली होती. जुनीवरच सिमेंट टाकून नवी लादी ठोकली होती. दरवाजा उघडेना तेव्हा सुताराला बोलावून तो खालून तासून घेतला. जमीन चार सेंटीमीटर वर आली, भिंतीवरची पट्टी होती तिथेच राहिली, कारण भिंतीला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. उभं राहणारा प्रत्येक जण तीन वर्षं लादीवर उभा राहून वाढत होता. दहा दुकानांत एकाच मापाची चूक सापडली असती तर साडूभाऊंनी दुकानदारांना सोडून आधी आपला गज तपासला असता. पण इथे मुली वाढल्याचा आनंद मोठा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं. कॅरमच्या स्टुलावर बसून ते एवढंच म्हणाले, "खोटं माप. तीन वर्षं. माझं."

अध्यक्ष चांगला माणूस, त्यांनी समजूत घातली. "साहेब, स्पर्धा आठ दिवसांवर आली. टीम ठरलीय. आपल्या तिघांतच राहू द्या. कोण येणारेय लादी मोजायला?" साडूभाऊ म्हणाले, "रविवारी सगळ्यांना बोलवा."

रविवारी सकाळी टीमच्या दहा मुली आल्या, मी आलो, अध्यक्ष आले, आणि वही घेऊन प्राजू आली. साडूभाऊंनी आधी सगळा प्रकार स्वतःच्या तोंडाने सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग एकेकीला टेपने मोजलं आणि आकडे मोठ्याने वाचले. दहापैकी सहा मुली रेघेच्या खाली आल्या. त्यांत टीमची कॅप्टन होती, जिच्या उंचीचं कौतुक ते आल्यागेल्याला सांगायचे. ती निघाली एकशे बासष्ट, माझ्याहून अर्धा सेंटीमीटर कमी. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आता नियमाने सहा जणी बाहेर, हे त्यांनाही कळत होतं. साडूभाऊंनी घसा खाकरला, "नियमाप्रमाणे या सहा..." आणि थांबले. मग उगीच काहीतरी बोलायचं म्हणून प्राजूकडे वळून म्हणाले, "गो प्राजू, तुझेही चार कमी कर. एक्कावन्न लिही."

प्राजू म्हणाली, "लिहिलंय बाबा. दोन वर्षांपूर्वीच लिहिलंय."

"म्हणजे?"

"घरी मोजलं होतं मी. घरी एक्कावन्न, इथे पंचावन्न. मग लक्षात आलं."

"आणि बोलली नाहीस?"

तिने कॅप्टनकडे बघितलं, मग बाबांकडे. "बोलले असते तर तुम्ही या सगळ्यांना काढलं असतं. मी काय, दोन्हीकडे बाहेरच होते."

कॅप्टन रडायला लागली. साडूभाऊंनी टेप गुंडाळायला घेतली, ती त्यांना नीट गुंडाळता येईना. अध्यक्षांनी पुढे होऊन त्यांच्या हातातून घेतली. मग साडूभाऊ कपाटाकडे गेले, रंगाचा जुना डबा आणि ब्रश शोधून काढला, आणि त्या लाल रेघेवरून पांढरा हात फिरवला. एका हाताने ती पुरती झाकली गेली नाही, खालून गुलाबी दिसत राहिली. "कोर्टवर चला सगळ्या," ते म्हणाले, "आणि प्राजू, तू पण. वही ठेव." तास-दीड तास त्यांनी दोन बाजू करून सगळ्यांना खेळवलं. प्राजू ज्या बाजूला जाई ती बाजू जिंके. बाजू बदलून बघितली, तरी तेच. नंतर त्यांनी कागदावर अकरा नावं लिहिली. शेवटचं नाव लिहायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं स्पेलिंग विसरले.

स्पर्धा घोडपदेवच्या मैदानावर होती. सगळ्या जर्सी उंच मुलींच्या मापाने शिवलेल्या, त्यामुळे प्राजूची गुडघ्यापर्यंत आली होती. मेव्हणीने सेफ्टी पिन लावून ती कशीबशी वर धरली. समोरची टीम चांगली होती, आणि त्यांच्याकडे एक खरीखुरी उंच मुलगी होती, लादीशिवायची. पहिला अर्धा वेळ साडूभाऊंनी प्राजूला बाकावरच ठेवलं. जुनं हाड, लवकर वाकत नाही. आमच्या उंच मुली रिंगेखाली हात वर करून उभ्या होत्या आणि चेंडू नेहमीसारखा पलीकडे होता. आम्ही सोळा पॉईंटने मागे पडलो. मी मागून ओरडून ओरडून घसा बसवला. मध्यंतरानंतर साडूभाऊ उठले, प्राजूसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जा." त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. पोरगी त्या उंच मुलीच्या काखेखालून निघून जायची. चेंडू आणायची, दोघींना स्वतःकडे ओढायची, आणि रिंगेखाली मोकळ्या उभ्या राहिलेल्या कॅप्टनच्या हातात नेमका ठेवायची. कॅप्टन वर उडी घ्यायची आणि आत. उंच मुली लागतातच, साडूभाऊंचं ते खरं होतं. कॅप्टनच्या जागी दुसरी प्राजू असती तर तिचा हात पोचला नसता. पण चेंडू आणणारी लागते, हे माझंही खरं होतं, आणि मी तसं त्यांना म्हणणार होतो. सोळाचे अकरा झाले, अकराचे सहा, सहाचे पाच. मग वेळ संपली. आम्ही पाच पॉईंटने हरलो.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, हरल्यात असं वाटतच नव्हतं. समोरच्या टीमची ती उंच मुलगी येऊन प्राजूशी हात मिळवून गेली. मी साडूभाऊंच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो. थट्टेची दोन वाक्यं मी तयार करून आणली होती. इतकी वर्षं वाट बघितलेला दिवस होता माझा. ते समोर बघत होते.

"नोकरीत असताना," ते म्हणाले, "कुणी गिऱ्हाइकाला कमी भरलं की मी दंड नंतर लावायचो. आधी दुकानदाराला सांगायचो, त्याच्यासमोर राहिलेला माल भरून दे. तिथल्या तिथे. तोवर मी दुकानातून हलायचो नाही." मग कोर्टकडे हात केला. "प्राजूची सात वर्षं कमी भरली रे मी. ती कुठून भरून देऊ?"

तयार करून आणलेली ती दोन वाक्यं मी तशीच परत नेली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समोर कोर्टवर प्राजू अजून खेळतच होती. मॅच संपली होती, मैदान रिकामं होत चाललं होतं, आणि ती एकटीच त्या लांबलचक जर्सीत रिंगेकडे चेंडू टाकत होती, पडला की धावत जाऊन आणत होती आणि पुन्हा टाकत होती. तिला कुणी हाक मारली नाही. बुधवारी ती निघणार होती.